दुकानाची तार कापण्याआधी

मैत्रिणींनो, या वेळचा प्रश्न पणदऱ्याच्या एका भगिनीचा आहे. त्या लिहितात, "बारामती-नीरा रस्त्यावर आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. फोन मामंजींच्या वेळचा. पाऊस लागला की तारेत खरखर सुरू होते, कधी दोन-दोन दिवस फोन मुकाच. मुलगा म्हणतो, तार काढून इंटरनेटवरचा फोन घेऊ. यजमान म्हणतात, मोबाईल असताना वेगळा फोन हवाच कशाला? दिवसभर गल्ल्यावर मी बसते, ऑर्डरी मीच लिहून घेते. काय करावं?"

बाई, तुमच्या मुलाचं म्हणणं रास्त आहे. तांब्याच्या तारांचे दिवस सरत आले आहेत. पण तार कापायची घाई मात्र करू नका. आधी चार गोष्टी पाहून घ्या.

पहिली गोष्ट, कुठला फोन? व्हॉट्सॲपवर २०१५ पासून बोलता येतं, पण समोरच्याकडेही तेच ॲप लागतं. बटणांचा साधा मोबाईल वापरणाऱ्या शेतकऱ्यानं तुम्हांला कसं गाठावं? मुलगा म्हणतो तो फोन निराळा. त्याला रीतसर नंबर असतो, कुठल्याही फोनवरून तो लागतो, फक्त आवाज इंटरनेटवरून येतो. ॲपवरून साध्या नंबरांशी असं बोलण्याचा मार्ग सरकारनं २०१८ साली मोकळा केला. फायबरच्या जोडणीबरोबर मिळणारा घरचा फोनही याच जातीचा. दुकानाला हाच घ्यावा.

दुसरी गोष्ट नंबराची. ०२११२ नं सुरू होणारा तुमचा नंबर पाटीवर आहे, पावतीपुस्तकावर आहे, कितीतरी घरांच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला असेल. तो गेला तर जुनं गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जायला वेळ लागत नाही. मोबाईलची कंपनी बदलून नंबर तोच ठेवायची सोय देशभर २०११ च्या जानेवारीत आली. लँडलाईनला ती सोय नाही. म्हणून आधी आहे त्याच कंपनीत चौकशी करा. तांब्यावरून फायबरवर जाताना नंबर तोच राहील का, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणखी एक, जोडणी अजून मामंजींच्याच नावावर असेल तर आधी ती दुकानाच्या किंवा तुमच्या नावावर करून घ्या. नाहीतर ऐन वेळी अर्ज अडून बसतो.

तिसरी गोष्ट विजेची. ही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जुन्या फोनला वीज तारेतूनच येते, थेट एक्स्चेंजमधून, ४८ व्होल्टची. म्हणून गावातली लाईट गेली तरी तो वाजायचा. नवा फोन घरच्या विजेवर चालतो. वळवाच्या पावसात लाईट गेली की फोनही गेला! दुकानात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्याच्यावर घ्या. नसेल तर राउटरसाठी बॅटरीची छोटी पेटी मिळते. घेताना अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट पाहूनच घ्या. बहुधा १२ असतात, पण डोळ्यांनी खात्री करावी. अडीअडचणीच्या ११२ नंबरासाठी साधा मोबाईल नेहमी जवळ असू द्या. व्हॉट्सॲपवरून ११२ लागत नाही.

चौथी गोष्ट आवाजाची. इंटरनेटवर आपलं बोलणं बारीक तुकडे करून पाठवलं जातं, सेकंदाला साधारण पन्नास. ते वेळेवर आले तर बोलणं सलग ऐकू येतं. काही मागे राहिले की शब्द तुटतात. एका कॉलला इंटरनेट फार लागत नाही, सेकंदाला सुमारे १०० किलोबिट पुरे. पण त्याच जोडणीवर घरातली मुलं सिनेमा बघत बसली, तर "दहा पोती" चं "दोन पोती" ऐकू यायचं! राउटरमध्ये फोनला पहिला मान देता येतो. जोडणाऱ्या माणसाकडून ते तेव्हाच करून घ्या. गल्ल्यावरचा फोन वायरीनंच जोडलेला बरा.

आता तुमच्या पत्रातली खरी गोष्ट. ऑर्डरी तुम्ही लिहून घेता. उधारी कोणाची किती, कोणाला कधी आठवण करायची, हे तुम्हांला ठाऊक, कारण फोन तुमच्या हाताशी आहे. तोच नंबर यजमानांच्या खिशातल्या मोबाईलवर गेला, की ते शेतावर आणि गिऱ्हाईक तुमच्यासमोर! महिन्याभरात "हे त्यांनाच विचारा" म्हणायची पाळी तुमच्यावर येते. कुणी मुद्दाम करत नाही, पण तसं होतं. पुष्कळ ठिकाणी इंटरनेटच्या फोनला एकच नंबर एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी वाजवायची सोय असते. घेतानाच सांगा, एक गल्ल्यावर, एक माझ्या मोबाईलवर, एक यजमानांच्या. पासवर्ड फक्त मुलालाच ठाऊक, असं नको. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि वही कपाटात ठेवा.

तो पासवर्ड किंवा फोनवर आलेला ओटीपी, "कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्याला सांगू नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवा.

बदल मृगाच्या तोंडावर करू नका. बियाण्यांची गर्दी ओसरली की करा. नंबर बदलणारच असेल तर महिनाभर दोन्ही फोन चालू ठेवा, जुन्यावरचे कॉल नव्यावर वळवून घ्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला नवा नंबर पावतीवर लिहून द्या. महिन्याचं जादा भाडं जाईल, पण गिऱ्हाईक राहील. मग जुना फोन बंद करायचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि भरलेली अनामत परत मागायला विसरू नका. ती पावती मामंजींच्या जुन्या कागदांत सापडेल, नीट शोधा!