आधी ड्रम, मग पलंग!

हॉस्टेल सोडून रूम करायची म्हटलं की यादीत पहिलं काय येतं? पलंग, गादी, स्पीकर! माझं मत विचाराल तर पहिला खर्च झाकणाच्या २०० लिटरच्या ड्रमवर करा.

हसू नका. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे, म्हणून तिथल्या पोरांना हे पटणार नाही. पण लातूरची मदार मांजरा धरणावर, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर!

आता साधा हिशेब. तिघांत एक ड्रम म्हणजे माणशी ६६ लिटर. नळ चार दिवसांआड आला तर रोजचं एका बादलीएवढंच! रूममेटची भांडणं भाड्यावरून कमी अन् बादलीवरून जास्त होतात ती यामुळंच. म्हणून रूम बघताना भाड्याच्या आधी विचारा, "काका, पाणी किती दिवसाआड येतं? टँकर मागवला तर पैसे कुणी द्यायचे?"

पलंग, कूलर पास होऊन जाणाऱ्या सीनियरकडून स्वस्तात मिळतात. कूलरही पाणी पितो, हे ध्यानात ठेवा. अन् ड्रम आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास फुकटात पोसाल.

सतरंजीवर झोप लागते हो, पण कोरड्या नळाखाली आंघोळ होत नाही!