प्रतापरावांना मुजरा, पण धंद्यातला निर्णय रागात नको!

गडहिंग्लज तालुक्यात नेसरीला सरनोबत प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे. तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो. पण ‘प्रतापरावांसारखं तुटून पडा, धंदा आपोआप होईल’ असं कोणी शिकवलं, की मला ते पटत नाही. का, ते सांगतो.

प्रतापराव म्हणजे स्वराज्याच्या घोडदळाचे सेनापती. 1672 मध्ये साल्हेरला मोरोपंत पिंगळ्यांसोबत त्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. 1673 मध्ये उमराणीला विजापूरच्या बहलोलखानाचं पाणी तोडून त्याला जेरीस आणलं. खान गयावया करू लागला आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. खान पुन्हा चालून आला. महाराजांचे कठोर शब्द प्रतापरावांच्या जिव्हारी लागले. 24 फेब्रुवारी 1674 ला नेसरीत, फौजेची वाट न बघता ते खानावर तुटून पडले. सोबत फक्त सहा स्वार होते, असं परंपरा सांगते. सगळे धारातीर्थी पडले.

त्या बलिदानाला मुजराच! पण आता माझं ऐका.

माझं फरसाणाचं छोटं युनिट होतं. एका होलसेलवाल्याने पैसे थकवले. रडला, हात जोडले. मी नुसत्या शब्दावर पुन्हा माल दिला. ही माझी उमराणी. पैसे बुडाले. मग राग आला. त्याला धडा शिकवायचा म्हणून त्याच्याच गावात तोट्यात माल विकला. ही माझी नेसरी! तीन महिन्यांत भांडवल साफ. कामावरच्या चार बायकांना घरी बसवावं लागलं. त्यांची काय चूक होती?

पहिली चूक झाली, तेव्हा ती मान्य करून थांबायला हवं होतं. दुसरी चूक मी पहिलीची लाज धुवायला केली. धंदे असेही बुडतात.

आणि एक बघा. सेनापती पडला तरी फौज उभी राहिली. आनंदरावांनी ती सांभाळली, पुढे हंबीरराव मोहिते सरनोबत झाले आणि 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला. स्वराज्याकडे दुसरी फळी होती. तुमच्या-माझ्याकडे असते का?

म्हणून उधारी द्यायची तर लेखी द्या. आणि राग आला की त्या दिवशी दर बदलू नका. रात्र जाऊ द्या, सकाळी वही उघडा, मग ठरवा.

तुमची ‘उमराणी’ कोणती? कमेंटमध्ये लिहा.