कडक स्प्रिंग आणि आजीचा मणका

"मागची स्प्रिंग टाइट केली भाऊ, आता सहा सीट आरामात बसते!" आमच्या मालेगाव-शिरपूर (जि. वाशीम) रस्त्यावर रिक्षावाल्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता लिहितोच.

मंडळी, आरामात बसतं कोण? स्प्रिंगचं काम रस्त्याचा धक्का स्वतः गिळायचं. ती कडक केली की धक्का जाणार कुठे? बॉडीच्या वेल्डिंगमध्ये, नाहीतर मागे बसलेल्या आजीच्या मणक्यात. त्यात शॉकअप जुनाच ठेवला तर रिक्षा खड्ड्यातून निघूनही उड्या मारत राहते, कारण स्प्रिंगची उसळी शॉकअपच मोडतो.

कुणी म्हणेल, "पण गाडी दबत तर नाही ना?" धोका नेमका तिथेच आहे. दबलेली गाडी "आता पुरे" म्हणून सांगत असते. आपण तिचं तोंडच बंद करतो. ब्रेक, टायर, ॲक्सल तेच राहतात. तीन चाकांचा त्रिकोणही तेवढाच, आणि त्यावर उंच चढलेलं वजन वळणावर लवकर कलंडतं. परवाना तीन प्रवाशांचा, तो काही स्प्रिंगने वाढत नाही.

तीन सीटांत पोट भरत नाही, हे मान्य. मग भांडण भाड्यासाठी आणि रस्त्यासाठी करा. गाडीवर खर्च करायचाच तर गेलेले शॉकअप आणि झिजलेले बुश बदला, हवा मोजून भरा.

आमचे पार्श्वनाथ 'अंतरिक्ष', म्हणजे अधांतरी मानले जातात. म्हणून त्यांच्या दर्शनाला येणाऱ्यानेही रस्ताभर अधांतरीच यावं की काय?