ऑर्कची श्रद्धा आणि माणसाचा संशय

अद्भुतकथेतील ‘ऑर्क’ या जमातीविषयीची चर्चा अलीकडे एका ठराविक वळणावर येऊन विसावते. ऑर्कला पूर्वी जन्मजात दुष्ट ठरवण्यात आले. पुढे काही लेखकांनी त्याला धर्म, कुळ, व्रत आणि शौर्य बहाल केले. सबब जुना अन्याय दूर झाला, असा या चर्चेचा सूर असतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या रोल-प्लेइंग खेळाच्या ‘एबेरॉन’ नामक कल्पनाविश्वातील घाशकाला ही भाविक योद्धाकुळे या युक्तिवादाचा मुख्य आधार ठरतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. जन्माने दुष्ट ठरवणे आणि जन्माने भाविक ठरवणे या दोन कृतींत मूल्याचे चिन्ह तेवढे बदलते. समूहावरून व्यक्तीचे अंतरंग निश्चित करणारी विचारपद्धती तशीच राहते.

या प्रश्नाचा पूर्वेतिहास लक्षात घेणे आवश्यक आहे. टोल्किनच्या १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ऑर्क हे दुष्टशक्तीचे सैन्य म्हणून येतात. १९५८च्या एका पत्रात त्यांचे रूप वर्णिताना टोल्किनने युरोपीय नजरेला अप्रिय वाटणाऱ्या मंगोल चेहऱ्यांचा आधार घेतला होता. या वर्णनातील वंशभेद लपणारा नाही. तथापि श्रद्धावान कॅथलिक असलेल्या टोल्किनला एक तात्त्विक पेच सतत छळत राहिला. दुष्टशक्ती निर्मिती करू शकत नाही, ती केवळ विकृत करू शकते, असे मानले तर विकृत केलेल्या जिवाला उद्धाराची शक्यता नाकारता येत नाही. ऑर्कच्या उत्पत्तीविषयीची त्याची उत्तरकालीन टिपणे १९९३ साली प्रकाशित झाली. त्यांत हा पेच सुटलेला दिसत नाही. परंतु पेच होता, आणि लेखकाला तो जाणवत होता.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी सिद्ध केलेल्या खेळाच्या परंपरेत मात्र या पेचाचे रूपांतर तक्त्यातील एका नोंदीत झाले. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये प्रत्येक जीवजातीपुढे तिची नैतिक प्रवृत्ती नोंदलेली आहे, ऑर्कपुढील नोंद ‘नियमबद्ध दुष्ट’ अशी आहे. उंची, चिलखत यांच्या शेजारी नीतीही मोजून ठेवलेली आहे. येथे एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. या परंपरेतील ऑर्क निधर्मी कधीच नव्हता. १९८० साली देवदेवतांच्या ग्रंथात त्याला ग्रूम्श हा एकाक्ष देव मिळाला, आणि १९८२ साली रॉजर मूर याने ‘ड्रॅगन’ मासिकात ऑर्कांचे संपूर्ण देवमंडळ रचले. म्हणजे ऑर्क भाविक होताच. त्याची भक्ती हाच त्याच्या दुष्टपणाचा पुरावा मानला जात होता. त्यामुळे ‘ऑर्कलाही धर्म आहे’ ही घोषणा मुक्तीची ठरत नाही.

कीथ बेकर याची संकल्पना असलेले ‘एबेरॉन’ २००४ साली ग्रंथरूपाने आले, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. नैतिक प्रवृत्ती वंशावरून ठरत नाही, हे तत्त्व या विश्वाने स्पष्टपणे स्वीकारले. डीमन वेस्ट्स या राक्षसग्रस्त प्रदेशात सैतानी शक्तींची उपासना करणाऱ्या कॅरियन टोळ्या प्रामुख्याने माणसांच्या आहेत. आणि त्या शक्ती बाहेरच्या जगात निसटू नयेत म्हणून लॅबिरिन्थ या चक्रव्यूहावर पिढ्यान्‌पिढ्या पहारा देणारे घाशकाला प्रामुख्याने ऑर्क आहेत. ‘कालोक शाश’ ही त्यांची बंधनकारी ज्योत. धारातीर्थी पडलेल्या वीरांचे आत्मे तिच्यात विलीन होऊन राक्षसांना जखडून ठेवतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. जुन्या भूमिकांची ही अदलाबदल धीट आहे, यात शंका नाही.

पण याच विश्वातील माणसांच्या धर्माशी तुलना करताच अदलाबदलीची मर्यादा उघड होते. थ्रेन या देशाचा ‘सिल्व्हर फ्लेम’ संप्रदाय ज्या शक्तीची उपासना करतो, तीच कालोक शाशच्या रूपाने ऑर्कांपुढे आहे. ज्योत एक, तिच्याभोवती रचलेल्या कथनाच्या जाती मात्र दोन. माणसांच्या संप्रदायाला संस्थापक वीरांगना आहे, धर्मपीठ आहे, कार्डिनलांचे राजकारण आहे, भ्रष्ट पुरोहित आहेत, ‘प्युअर फ्लेम’सारखा कडवा पंथ आहे, आणि लांडगामानवांच्या निर्दालनाच्या नावाखाली निरपराधांवर झालेल्या अत्याचारांचे ओझेही आहे. थोडक्यात, त्याला इतिहास आहे. घाशकालांकडे आहे ते कर्तव्य. कॅरियन टोळी सोडून आलेला माणूस घाशकालांत सामील होतो तेव्हा ते त्याचे मतांतर असते, म्हणजे निवड असते. ऑर्क तेथे जन्मलेलाच असतो. एकाच कुळात माणसाला आत्मचरित्र मिळते आणि ऑर्कला वंशावळ.

शॅडो मार्चेसमधील ऑर्क द्वारपालांचा निसर्गोपासक पंथ पुढे करून ऑर्कांतही वैविध्य आहे, असे सांगितले जाते. परंतु हे वैविध्य गटागटांतील आहे, गटाच्या आतील नाही. एका समूहाकडे एक पहारा, दुसऱ्याकडे दुसरा. जन्माने नेमून दिलेले कर्म आणि त्या कर्मालाच स्वधर्म म्हणून दिलेली प्रतिष्ठा यांची सांगड कोणत्या समाजरचनेत घातली जाते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागू नये.

स्तुती ही निंदेइतकीच बंदिस्त करू शकते, याचा दाखला वसाहतकाळाने देऊन ठेवला आहे. ज्या ब्रिटिश राजवटीने १८७१च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, तिनेच इतर काही समूहांना ‘लढवय्या जमाती’ म्हणून गौरवले. १९३३ साली जॉर्ज मॅकमन याने या विषयावर आख्खे पुस्तक लिहिले. शूर, निष्ठावान, साधाभोळा, विचारापेक्षा आज्ञेला मानणारा, असा हा गौरव होता. दोन्ही नोंदी एकाच वर्गीकरणाच्या होत्या. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाल्यावरही त्या शिक्क्याची झळ किती काळ सोसावी लागली, हे ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या आत्मकथनांनी मराठीत मांडले आहे. कागदावरील कल्पित ऑर्कला ही झळ बसत नाही, हे खरे. परंतु त्याला वाचणाऱ्याच्या मनात वर्गीकरणाची जी सवय मुरते, ती कल्पित नसते.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. रोल-प्लेइंग खेळाची संहिता मुळातच अपूर्ण असते; ती खेळणाऱ्यांच्या बैठकीत पूर्ण होते. संशयी, बंडखोर किंवा पहारा सोडून निघालेला घाशकाला रंगवण्यास खेळाडूला कोणी अडवलेले नाही. ही मोकळीक खरी आहे. पण नियमग्रंथ हा त्या खेळाचे व्याकरण असतो, आणि व्याकरणात नियम कोणता व अपवाद कोणता हे आधीच ठरलेले असते. संशयी पुरोहित हे माणसांच्या संप्रदायात अपेक्षित पात्र आहे; संशयी घाशकाला हा खेळाडूचा पराक्रम ठरतो. जे एकाला संहितेने दिले, ते दुसऱ्याने स्वतःच्या प्रतिभेने मिळवावे, या मागणीला समता म्हणता येत नाही.

भक्तीचे चित्रण कसे असू शकते, याचा निकष मराठी परंपरेत उपलब्ध आहे. चोखामेळ्याची भक्ती मंदिराच्या बाहेर उभी राहून देवालाच जाब विचारते. तुकाराम विठ्ठलाशी भांडतो, त्याच्यावर रुसतो, त्याच्या असण्याविषयीही शंका घेतो. तेथे श्रद्धा ही समूहाची खूण न राहता एका माणसाची झुंज होते. घाशकाला राक्षसांशी झुंजतात. आपल्या ज्योतीशी झुंजणारा घाशकाला संहितेत नाही.

२०२४च्या नियमग्रंथाने ‘वंश’ हा शब्द काढून ‘प्रजाती’ हा शब्द आणला आणि ऑर्कला खेळाडूंसाठी खुल्या प्रजातींत स्थान दिले. २०२५च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधून त्याची स्वतंत्र नोंदही गेली. शब्द बदलला आणि नोंद पुसली, तरी कथनाचे काम शिल्लकच राहते. ऑर्कला देव मिळून चार दशके उलटली आहेत. त्याला अद्याप न मिळालेली गोष्ट साधी आहे: त्या देवाविषयी शेजारच्या ऑर्कशी मतभेद असण्याचा अधिकार.