काचेतले पोट

डुकराने खाल्लेल्या धान्यातले किती प्रथिन त्याला पचले, हे कसे ठरवाल? खाल्ले ते मोजावे, विष्ठेतले मोजावे आणि वजाबाकी करावी, असे तुम्ही म्हणाल. हिशेब सोपा आहे, पण चुकीचा. मोठ्या आतड्यातील जीवाणू उरलेल्या प्रथिनांची मोडतोड करतात आणि त्यांत स्वतःच्या प्रथिनांची भर घालतात. म्हणून हिशेब लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशीच करावा लागतो. त्यासाठी शस्त्रक्रिया करून तेथे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची नळी बसवितात. एकेका खाद्यासाठी अशी कित्येक डुकरे लागतात.

यातून वाट म्हणून काचपात्र पुढे आले. १९९७ साली बॉयसेन व फर्नांडिस या डेन्मार्कमधील संशोधकांनी तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. बारीक दळलेले खाद्य डुकराच्या अंगाच्या तापमानात, म्हणजे सुमारे ३९ अंश सेल्सियसला ठेवतात. प्रथम आम्ल आणि पेप्सिन, २ तास. हे झाले जठर. मग आम्लता कमी करून पॅन्क्रिएटिन, ४ तास. हे लहान आतडे. शेवटी तंतुमय भाग फोडणाऱ्या विकरांचे मिश्रण, १८ तास. हे मोठे आतडे. जे विरघळले नाही ते गाळून, वाळवून तोलतात. (गंमत अशी, की यातले पेप्सिन व पॅन्क्रिएटिन बहुधा डुकराच्याच जठरापासून व स्वादुपिंडापासून काढलेले असते!)

ही पद्धत मला मोलाची वाटते. मात्र तिच्या आकड्याला ‘पचन’ म्हणण्यास माझा विरोध आहे. तो आकडा विरघळण्याचा आहे. कच्चे सोयाबीन घ्या. त्यात ट्रिप्सिन या विकराला अडविणारे पदार्थ असतात. पात्रात आपण विकरे सढळ हाताने ओततो, त्यामुळे हा अडथळा झाकला जाऊ शकतो. डुकराच्या स्वादुपिंडाला मात्र राबावे लागते आणि वाढ खुंटते. शिवाय पात्राला आतड्याचे अस्तर नाही, त्यातून झिरपणारा श्लेष्म नाही, झडणाऱ्या पेशी नाहीत. मोठी मादी कोंडा वाढत्या डुकरापेक्षा चांगला पचविते. पात्राला वय कोठले?

म्हणून पात्र टाकून द्यावे काय? मुळीच नाही. बार्लीचे दहा नमुने आले, तर त्यांतला सरस कोणता हे पात्र दीड-दोन दिवसांत सांगते. तेवढ्यासाठी प्राण्याचे पोट उघडणे मला अन्यायाचे वाटते. शस्त्रक्रिया राखून ठेवावी ती अगदी नव्या, अपरिचित खाद्यासाठी. आणि खाद्यांच्या तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे तो पात्रातला की प्राण्यातला, हे छापलेच पाहिजे.

तिसऱ्या पायरीत विकरांऐवजी डुकराच्या ताज्या विष्ठेतील जीवाणू वापरून निघणारा वायू मोजण्याचीही रीत आहे. ती मोठ्या आतड्याच्या अधिक जवळची. वास तेवढा सोसावा लागतो.