डॉक्टरांनी इस्टेट घेतली

१९९७ च्या जानेवारीत किन्हीराजात बातमी पसरली, की डॉक्टरांनी नागपूरकडे इस्टेट घेतली. दुसऱ्याच दिवशी पारावरच्या एका आजोबांनी मला थांबवून विचारले, "किती एकर हाय गा? वलिताची का कोरडवाहू?" मी म्हटले, आजोबा, जमीन नाही, गाडी आहे, इस्टेट हे त्या गाडीचेच नाव. त्यांनी मला खालून वर न्याहाळले. "गाडीले कोनी इस्टेट म्हनते काय?" एवढे बोलून ते दुसऱ्या विषयाकडे वळले. डॉक्टरांचा पोरगा जमिनीचा व्यवहार लपवतो आहे, अशी त्यांची खात्री झाली असावी.

डॉक्टर म्हणजे माझे बाबा. १९६८ पासून त्यांचा दवाखाना किन्हीराजात होता. गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात. वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. दवाखान्यापुढे कडुनिंबाखाली आमची फिएट उभी असायची. खरे तर १९७४ नंतर तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले होते आणि ती इटलीची नसून वालचंद हिराचंद या सोलापूरकर उद्योगपतीने उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली होती, पण फिएट हा शब्द लोकांच्या तोंडून शेवटपर्यंत गेला नाही. १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, आणि पुढच्या सलग सीटवर तिघे. बाबांनी ती १९७८ मध्ये घेतली. आधी नोंदणी, मग ताटकळणे, मग पुन्हा ताटकळणे. आज दुकानात जाऊन रंग निवडणाऱ्या पिढीला हे सांगूनही पटत नाही.

अठरा वर्षे त्या गाडीने इमानाने काम केले. तिला मी नावे ठेवणार नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष तिच्या वयाचा होता आणि त्याहून जास्त माझा.

१९९६ च्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आदल्या रात्री, जवळच्या वस्तीवरची एक बाळंतीण अडली. पहिलटकरीण. बाबांनी पाहिले आणि म्हणाले, अकोला. किन्हीराजाहून मालेगाव, मेडशी, मग घाट उतरून पातूर आणि पुढे अकोला, सत्तरेक किलोमीटर. अॅम्ब्युलन्स तेव्हा ऐकून माहीत होती. ती बाई फिएटच्या मागच्या सीटवर पाय दुमडून, सासूच्या मांडीवर डोके ठेवून पडली होती. मी गाडी चालवत होतो. घाटात रेडिएटरचा पाइप फुटला आणि बॉनेटमधून वाफ उसळली. पाइप फुगला आहे, बदलून घे, असे मिस्त्रीने मला महिनाभर आधी सांगितले होते. मालेगावला जाईन तेव्हा आणू, असे मी म्हणत राहिलो. मालेगावला चारदा जाऊन आलो.

पाइपला फडके बांधून, नाल्याचे पाणी डब्याने ओतून पाहिले. मग इंजिन थंड झाले तर डिस्ट्रिब्यूटरमध्ये ओल शिरलेली. स्टार्टर फिरतो, गाडी पेटत नाही. शेवटी एका ट्रकवाल्याने तिला केबिनमध्ये घेतले. अकोल्याला पोचेपर्यंत फटफटले होते. बाई वाचली. मूल गेले.

बाबा मला काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी जेवताना त्यांनी आईला एवढेच सांगितले, "माणूस आडवा झोपेल अशी गाडी पाहिजे. आणि डिझेलची."

आता डिझेलचीच का? शहरातल्या माणसाला याचे उत्तर किमतीत दिसते आणि ते चूकही नाही. त्या वर्षांत डिझेलचा लिटरमागचा भाव पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास होता. पण खेड्यात डिझेल त्याआधीच घरचे झाले होते. विहिरीवर किर्लोस्करांचे इंजिन धडधडत होते, आखाड्यावर ट्रॅक्टर होता, कोठ्यात डिझेलची टाकी होती. रात्री-अपरात्री पेट्रोल शोधायला मैलोगणती जावे लागे. डिझेल कोणाच्याही घरी कॅनभर मिळे. मिस्त्रीचेही तेच. कार्ब्युरेटर नीट लावणारा माणूस गाठायला वाशीमला जावे लागायचे, पण डिझेलचा पंप आणि नोझल ओळखणारे हात गावातच होते. आमच्या मिस्त्रीने त्याच्या भाषेत मला शास्त्र समजावले होते : "भाऊ, डिझेलले करंट लागत नाही. हवा दाबली का तेल आपसूक पेटते." रुडॉल्फ डिझेलने १८९२ च्या सुमारास हेच मांडले होते. हवा इतकी दाबायची, की ती स्वतःच तापून फवारलेले इंधन पेटवील. ठिणगी नाही, म्हणून कॉइल नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही आणि त्यात शिरणारी पावसाची ओलही नाही. घाटातली ती रात्र आठवली की मला या वाक्याचा अर्थ अधिकच कळतो.

काकांचे म्हणणे होते, जीप घ्या. आमच्या रस्त्यावर जीप आणि ट्रॅक्सच धावत. आत दहा, मागे लोंबकळणारे चार आणि टपावर किती ते विचारू नये. बाबांना जीप नको होती. जीपच्या मागे समोरासमोरचे बाक, आणि खड्ड्यातून गेली की धडधाकट माणसाचेही मणके सुटायचे. १९९४ मध्ये आलेली सुमो त्यांना पसंत होती, पण नवी घेण्याइतका पैसा नव्हता. कापूस एकाधिकार योजनेत घातलेला, त्याचे चुकारे अडकलेले. वऱ्हाडात त्या काळी कुठलीही खरेदी 'चुकारा आल्यावर' होत असे. लग्न असो, विहीर असो की गाडी.

चुकारा आला तेव्हा नागपूरच्या एका कंत्राटदाराची टाटा इस्टेट विकाऊ असल्याचे कळले. १९९३ ची. आमच्याबरोबर मिस्त्रीही आला. जुनी डिझेल गाडी कशी पाहावी हे मी त्या दिवशी शिकलो. तो पहाटेच तिच्या दारात जाऊन बसला, कारण मालकाने आधी इंजिन गरम करून ठेवले तर दुखणे कळत नाही. त्याने बॉनेटवर हात ठेवून ती थंड असल्याची खात्री केली, मग चावी फिरवायला सांगितली. धूर पाहिला : काळा असेल तर नोझलचे काम, निळा असेल तर इंजिन ऑइल खाते आहे. ऑइल भरण्याचे झाकण काढून त्यावर तळहात धरला. तिथून जोराची वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मीटरवरचे किलोमीटर त्याने पाहिलेच नाहीत. पॅडल किती झिजले ते पाहिले. शेवटी मागची सीट पाडली, चपला काढल्या आणि आत आडवा झाला. मालकाला वाटले, हा थकला. मिस्त्री छताकडे पाहत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ह्या गाडीत मानूस झोपते."

व्यवहार दोन लाखांच्या आतच झाला. परतीच्या वाटेवर कारंजा गेले, शेलूबाजार गेले, आणि बाबा पहिल्यांदा बोलले : "आवाज फार करते." ते खरेच होते.

टाटा इस्टेट आज फारशा वाचकांना आठवणार नाही. टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप काढला. त्याच्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट आली. १९४८ सी.सी.चे डिझेल इंजिन, मागे वर उघडणारे पाचवे दार आणि बटणावर खाली-वर होणाऱ्या काचा, ज्यांच्यासाठी गावातली पोरे दवाखान्याच्या दारात रांग लावीत. जर्मन मर्सिडीजच्या लांब गाडीशी तिचे साम्य डोळ्यांत भरण्याजोगे होते. तरीही ती फारशी खपली नाही आणि २००० च्या सुमारास बंद झाली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, २००४ मध्ये टाटांचीच इंडिगो मरीना आली. त्यांचीही गत तीच. युरोपात शेतकरी आणि गुरांचे डॉक्टर असल्याच गाड्या वर्षानुवर्षे वापरतात. आपल्याकडे मोटारीला स्वतंत्र डिकी असली म्हणजे साहेबाची, आणि मागे मोकळी जागा दिसली की टेम्पो! गाडी काय वाहते यापेक्षा ती दारात कशी दिसते याचा विचार आपण अधिक केला, असे माझे मत आहे. अर्थात, हे मत असणारा माणूस पोटात दुखणाऱ्याला मागे झोपवून घाट उतरलेला आहे, हेही लक्षात घ्यावे.

कारण पुढची बारा वर्षे ती गाडी आमची अशी राहिलीच नाही. साप चावलेले, फवारणीची बाधा झालेले, थ्रेशरमध्ये हात गेलेले, सगळे त्या मागच्या फळीवर झोपून अकोल्याला गेले. बाबा फक्त डिझेलचे पैसे घेत, तेही पुष्कळदा सुगीवर. आईच्या वहीत अशी उधारी पानेच्या पाने भरली होती. पोळ्याच्या त्या रात्रीची बाई १९९९ मध्ये पुन्हा त्याच रस्त्याने गेली. निघण्याआधी मी दोनदा रेडिएटर पाहिला. घाटात तिने विचारले, "गाडी थांबली काय?" मी म्हटले, नाही, समोर बैलगाडी आहे. अकोल्याला मुलगी झाली.

इथवर डिझेलची बाजू झाली. दुसरी बाजू न सांगणे लबाडीचे होईल. डिझेल स्वस्त ठेवले होते ते शेतकऱ्यासाठी, मालवाहतुकीसाठी आणि एस.टी.साठी. त्या सवलतीत आमच्यासारखे शिरले, आणि आमच्यामागून ज्यांना रुग्ण न्यायचा नव्हता की पोते, असे शहरातले लाखो शिरले. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त केले ते मला योग्यच वाटले, जरी गावात त्याबद्दल मी शिव्या खाल्ल्या. आणि धुराचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. बाबा २००९ मध्ये गेले, त्यामुळे हे त्यांना वाचायला मिळाले नाही. मिळाले असते तर त्यांनी काय केले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. निंबाखाली गाडी गरम करत ठेवायची त्यांची सवय तरी त्यांनी नक्की सोडली असती. दवाखान्याची खिडकी तिथेच उघडायची.

२०१४ मध्ये १०८ ची सेवा राज्यभर आली आणि आमच्या गाडीचे ते काम हळूहळू संपले. संपले याचा आनंदच आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि आमच्याच शिवारांना चाटून मोटारी भन्नाट वेगाने जाऊ लागल्या. पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये. मी २०२३ मध्ये ते भरले. जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या धोरणाला माझा विरोध नाही. ज्या शहरात श्वास घेणे कठीण झाले तिथे ते हवेच. माझी तक्रार एवढीच, की जन्मतारीख पाहून गाडी मोडीत काढणे सोपे असते आणि तिचा धूर मोजणे कष्टाचे, म्हणून सोपे तेच धोरण होण्याचा धोका असतो. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणारी नीट राखलेली गाडी आणि रोज रस्त्यावर घासली जाणारी पाच वर्षांची गाडी, यांतली जास्त घाण कोण करते ते यंत्राला विचारा, आर.सी. बुकाला नको. आणि ते यंत्र तालुक्याच्या गावी असू द्या, जिल्हा ओलांडून जायला लावू नका.

बोलणे सोपे आहे, कारण यंदा पी.यू.सी.च्या वेळी माझीच गाडी अडली. मुलगा म्हणतो, इलेक्ट्रिक घेऊ. त्याचा हिशेब चुकीचा नाही. जुन्या मिस्त्रीचा मुलगा आता वर्कशॉप चालवतो. परवा तो आला, चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्याला पेटली आणि मागून काळा ढग निघाला. मागचे दार वर धरणारे दांडे केव्हाच गेले आहेत. ते आम्ही बांबूच्या काठीवर टेकवतो. त्या काठीला टेकून तो बराच वेळ धूर पाहत राहिला.

"नोझल हायेत. पंप बी उतरवा लागते. खर्च हाय."

मी म्हटले, उतरव. धूर मापात आला तर ठेवू, नाही आला तर मीच भंगारात नेऊन देईन.

"आन् काठी?" त्याने विचारले.

काठी मी घरात ठेवून घेतली.