एअरबॅगची सक्ती : अमेरिकेने भोगलेली चूक आपण का भोगावी?

वाहनसुरक्षेचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा एका आकड्यापाशी येऊन थांबते. गाडीत एअरबॅग किती, दोन की सहा? सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले, तेव्हा हा आकडा वृत्तवाहिन्यांवर दिवसरात्र गाजला. मागच्या आसनावरील दोघांनीही सीट बेल्ट लावलेला नव्हता, हे प्राथमिक तपासातच पुढे आले होते. तरीही बोलले गेले ते एअरबॅगविषयीच. चालकासाठी जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठी २०२१ पासून एअरबॅग सक्तीची झालेलीच होती. जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅगचा मसुदा आला, नंतर त्याला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि २०२३ मध्ये अशी सक्ती करणार नसल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केले. या साऱ्या धरसोडीत एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. हे साधन कोणाच्या शरीराला हितकर आहे आणि कोणाच्या शरीराला घातक?

एअरबॅग म्हणजे मऊ उशी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो एक नियंत्रित स्फोट असतो. धडक बसताच रासायनिक इंधन पेटते आणि डोळ्याची पापणी लवण्याच्या आत, ताशी सुमारे तीनशे किलोमीटर वेगाने पिशवी बाहेर फेकली जाते. पट्टा बांधून, चक्रापासून किमान पंचवीस सेंटीमीटर अंतर राखून बसलेल्या प्रौढाला ती तारते. फार तर चेहऱ्याला खरचटते, मनगट दुखावते, कानठळ्या बसतात, उडालेल्या भुकटीने दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. परंतु आईच्या मांडीवर बसलेल्या बालकाचे डोके नेमके त्या पिशवीच्या मुखाशी असते. बालकाची मान तो आघात सोसू शकत नाही.

हे ज्ञान नवे नाही. १९७० च्या दशकातच मोटार कंपन्यांच्या अभियंत्यांनी मुलांना असलेला धोका वर्तवला होता. पण अमेरिकेत त्या काळी पट्टा बांधणारे अगदी थोडे. लोक बांधत नाहीत तर यंत्रानेच त्यांना वाचवावे, या विचाराने पट्टा न बांधलेल्या, सुमारे ७८ किलो वजनाच्या पुरुष पुतळ्याला वाचवू शकेल इतकी जोरकस पिशवी नियमाने मागितली. बेशिस्त प्रौढाची सोय झाली. किंमत मोजली ती मुलांनी आणि ठेंगण्या स्त्रियांनी. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या, एरवी जिवावर न बेतणाऱ्या अपघातांत पुढच्या एअरबॅगच्या आघाताने २९० हून अधिक मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यातील सुमारे नव्वद टक्के मृत्यू १९९८ पूर्वीच्या गाड्यांतील होते. पट्टा बांधणे गृहीत धरणाऱ्या युरोपात पिशव्या मुळातच लहान ठेवल्या गेल्या होत्या.

याच साधनाने अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक प्राण वाचवले, हेही तितकेच खरे आहे. म्हणूनच एअरबॅग काढून टाका असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. पण तेथे नियमाला आव्हान दिले गेले, आणि नियम बदलला! १९९७ मध्ये पिशवीचा जोर कमी करण्यास मुभा मिळाली, विशिष्ट कारणांसाठी एअरबॅग बंद ठेवण्याचे बटण बसवू देण्यात आले आणि पुढे लहान स्त्री व बालक यांच्या पुतळ्यांवरही चाचणी बंधनकारक झाली.

आपण नियम घेतला. त्यामागचा हा तीस वर्षांचा अनुभव मात्र घेतला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे पुढच्या आसनावर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅग उघडल्याच्या आघाताने बळी गेला. मुलाला पुढे बसवणे ही आपल्याकडे हौसेची, कौतुकाची गोष्ट मानली जाते. त्या हौसेत मृत्यू दडलेला आहे, हे गाडी विकणाऱ्याने सांगितले होते काय? चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बाल-आसनाने सुरक्षित नसेल तर एक हजार रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात आहे. असा दंड भरलेला गृहस्थ वाचकांपैकी किती जणांच्या पाहण्यात आहे?

दुसरी बाब हवामानाची. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने बिघडत असे आणि धडकेच्या वेळी धातूचे तुकडे प्रवाशाच्या अंगात घुसत. अमेरिकेत पंचवीसहून अधिक माणसे त्यात दगावली. मलेशियातही मृत्यू झाले. कंपनीने २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. भारतातही अशा गाड्या परत बोलावून तो भाग बदलून देण्यात आला. पण आपल्याकडे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाते आणि कंपनीचे पत्र पहिल्याच्या पत्त्यावर पडून राहते. कोकण किनाऱ्याची हवा मलेशियाहून फारशी निराळी नाही, हे लक्षात घेतले तर या पत्राचे मोल कळते.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातील सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची होती. मोटारीतील एअरबॅगचा त्यांना काय उपयोग? पट्टा न बांधल्याने गेलेले मात्र १६,७१५ होते. शासनाला नियमच करायचा असेल तर आधी बाल-आसन स्वस्त करावे, प्रवासी बाजूची एअरबॅग बंद करण्याचे बटण स्वस्तातल्या गाडीतही द्यावे, वाहन हस्तांतरणाच्या वेळी परत बोलावलेल्या गाड्यांची यादी परिवहन कार्यालयाने तपासावी. आणि सन व्हायझरवर बहुधा इंग्रजीत असणारी, मुलाला पुढे बसवू नका ही सूचना मराठीत छापण्यासाठी तर कोणत्याही नव्या चाचणीची वाट पाहावी लागत नाही.